आयर्विनला किती फूट?

जुलैच्या शेवटी कोयनेच्या पाणलोटात संततधार लागली, की सांगलीत ओळखीची माणसे भेटल्यावर ‘काय चाललंय’ म्हणायच्या आधी ‘आयर्विनला किती फूट?’ असे विचारतात. भाजीवाल्याकडे हाच प्रश्न, बँकेच्या रांगेत हाच, आणि रात्री अकराला पुण्यातून मुलाचा फोन आला तरी हाच. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. आकडा पंचेचाळीसकडे सरकू लागला, की पेठांमधले दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवतात. नदीकडच्या गल्ल्यांत फ्रीज पलंगावर जातो, पलंग विटांवर जातो आणि घरातली कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पोटमाळ्यावर जातात.

आयर्विन पूल १९२९ साली, संस्थानी काळात बांधला गेला. तेव्हापासून सांगली आपली नदी या पुलाजवळच मोजत आली आहे. २००५ साली इथे पाणी ५४ फुटांच्या जवळ गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर चढले. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ च्या आसपास पोहोचले. सतरा पावसाळ्यांत तीन वेळा कृष्णामाई धोका पातळीपेक्षा आठ फुटांहून अधिक वर आली.

हे फूट गावाला तोंडपाठ आहेत. याच नदीची आणखी एक मोजणी मात्र फार थोड्यांनी पाहिलेली असते. ती जलसंपदा विभागाच्या नकाशावर असते, महापालिकेच्या नगररचना विभागात असते, आणि तिच्यात फुटांऐवजी दोन रंगीत रेषा असतात, एक निळी आणि एक लाल. घर कुठे बांधता येईल, जोते किती उंच घ्यावे लागेल, जुना वाडा पाडून नवी इमारत उभी करता येईल का, हे या रेषा ठरवतात. बँकेचे कर्ज आणि घराची किंमतही पुष्कळदा त्यांच्यावरच अवलंबून राहते. या रेषा काळाच्या मागे राहिल्या, की त्याचा भुर्दंड घरमालकाला बसतो. तो रेषेच्या आत राहणाऱ्याला बसतो, तसाच बाहेर राहणाऱ्यालाही.

निळी रेषा, लाल रेषा

महाराष्ट्रात पूररेषांचा पाया घातला तो पाटबंधारे विभागाच्या सप्टेंबर १९८९ च्या परिपत्रकाने. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल असा पूर, किंवा नदीच्या पात्रात मावणाऱ्या पाण्याच्या दीडपट प्रवाह, यांपैकी जो मोठा असेल तो जिथवर पसरतो ती निळी रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध क्षेत्र. तिथे शेती, बाग, मैदान असे मोकळे वापर अपेक्षित आहेत. सरासरी १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जाईल ती लाल रेषा. वर धरण असेल, तर सांडव्यातून सुटू शकणारे कमाल पाणी आणि धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातून येणारे पाणीही तिथे हिशेबात धरावे लागते. निळ्या आणि लाल रेषेमधला भाग नियंत्रित क्षेत्र.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. तिने ही चौकट कायम ठेवली आणि उंचीचा आकडा घातला : नियंत्रित क्षेत्रात बांधायचे, तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर हवे. निळ्या रेषेच्या आत नवे घर नाही. तिथल्या जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकास मात्र त्याच उंचीच्या अटीवर होऊ शकतो.

नियम वाईट नाही. त्याचा सगळा भार मात्र एका गोष्टीवर आहे, ती म्हणजे रेषा खरी असणे.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी इथे मोठी दिशाभूल केली आहे. एकदा महापूर येऊन गेला, की आता नातवंडांच्या काळापर्यंत सुटका झाली, असा त्याचा अर्थ लावला जातो. गणिताचे म्हणणे वेगळे आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर पावसाळ्यात शंभरात एक इतकी शक्यता, आणि पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे दर पावसाळ्यात शंभरात चार. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी ती कमी होत नाही. आता वीस वर्षांचे गृहकर्ज डोळ्यांसमोर आणा. घर बरोबर लाल रेषेवर असेल, तर हप्ते फिटेपर्यंत एकदा तरी दारात पाणी येण्याची शक्यता शंभरात अठरा निघते. घर निळ्या रेषेवर असेल, तर शंभरात छप्पन. छप्पन म्हणजे पाणी न येण्यापेक्षा येण्याचाच संभव जास्त.

आणि हा हिशेब रेषा बरोबर आखलेली आहे असे धरून केलेला आहे.

दीड फुटाची सूट आणि साडेतीन फुटांचा फरक

नकाशा जुना होतो म्हणजे काय होते, हे एका जोत्यावरून पाहता येईल. समजा, २००५ च्या महापुरात नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या एका कुटुंबाने पुढे नवे घर बांधायला घेतले. त्यांनी शहाणपण केले. भिंतीवर २००५ चे पाणी जिथे टेकले होते ती खूण प्रमाण मानली आणि तिच्यावर दीड फूट चढवून जोते घेतले. गवंडी म्हणाला असेल, ‘एवढं कशाला? पुन्हा काय तसा पूर येतोय?’ भरावाला, दगडाला, पायऱ्यांना जास्तीचा पैसा गेला, तोही त्यांनी सोसला.

२०१९ मध्ये आयर्विनजवळ पाणी २००५ पेक्षा सुमारे साडेतीन फूट वर गेले. पुलाजवळचा फरक शहरात सगळीकडे जसाच्या तसा लागू होत नाही. पण तो जवळपास तेवढाच धरला, तरी दीड फूट उंच घेतलेल्या त्या घरातही दोन फूट पाणी उभे राहते. कपाटाचा खालचा कप्पा, गॅसची शेगडी, धान्याची कोठी, पोरांची दप्तरे, भिंतीतले विजेचे बोर्ड, सगळे त्या दोन फुटांत येते. पाणी उतरल्यावर मागे राहतो तो चिकट काळा गाळ. फरशी धुऊन निघते, भिंतीत शिरलेली ओल मात्र दिवाळीपर्यंत हटत नाही.

त्या कुटुंबाची चूक काय? काही नाही. त्यांनी जुनी खूण पाळली. २०१९ च्या आधी आखलेल्या कोणत्याही रेषेने ५७ फुटांचे पाणी पाहिलेले नव्हते, एवढेच.

नदी तीच, काठ बदलला

रेषा जुनी होण्याची कारणे समजून घ्यायला महाबळेश्वरपासून खाली यावे लागते. कृष्णा तिथे उगम पावते, वाईवरून येते, संगम माहुलीला वेण्णा घेते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कोयनेला समोरासमोर भेटते. सातारा जिल्ह्यातला हा प्रवास उताराचा आहे. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी. कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, शिवाय उरमोडी आणि तारळी. पाटण तालुक्यात कोयनेचे दरवाजे वर उचलले, की तिथून निघालेले पाणी सांगलीला पोहोचायला साधारण एक दिवस लागतो.

सांगली जिल्ह्यात शिरल्यावर उतार संपत येतो. नदी वळणे घेत रेंगाळू लागते. हरिपूरला वारणा येऊन मिळते आणि खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. खालच्या नद्या भरल्या, की वरचे पाणी पुढे सरकत नाही. त्याला इथे फुगवटा म्हणतात. म्हणून सांगलीचा पूर केवळ सांगलीवर पडलेल्या पावसाचा कधीच नसतो. चार नद्या एकाच वेळी भरल्या तर काय होईल, याचे गणित रेषा आखणाऱ्याला करावे लागते, आणि त्या गणितात नव्या पावसाळ्यांची भर पडत राहिली नाही तर उत्तर चुकते. २२ जुलै २०२१ च्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. असा एक दिवस नोंदवहीत शिरला, की ‘पंचवीस वर्षांचा पूर’ आणि ‘शंभर वर्षांचा पूर’ या दोन्हींचे आकडे नव्याने काढावे लागतात.

दुसरे कारण माणसांचे आहे. जुन्या लोकांना काठ कळत होता. वाईचे ढोल्या गणपतीचे मंदिर १७६२ मधले. घाटावर, नदीच्या ऐन तोंडाशी उभे. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचा लोंढा तिच्यावर येऊन दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. नृसिंहवाडीला पुराचे पाणी देवळात शिरून दक्षिण दाराने बाहेर पडते तेव्हा भाविक दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला धावतात. पूर येणार हे धरूनच तिथली पूजाअर्चा बसवलेली आहे. सांगलीची नदीकाठची जमीन म्हणजे मळी. पुराने आणून टाकलेल्या गाळावर कृष्णाकाठची वांगी पिकायची. मळी पिकवायची आणि राहायचे उंचावर, अशी ती विभागणी होती.

शहर वाढले तसे घर मळीत उतरले. ओढे बुजले, नाल्यांच्या कडेने प्लॉट पडले, रस्त्यांचे भराव उंच झाले. शेरीनाला शहराचे सांडपाणी नदीत सोडतो. नदी चढली की तोच नाला उलट वाहतो आणि घाटापासून लांब असलेल्या वस्तीत पाणी आणतो. नदीपासून दूर आहे म्हणून सुरक्षित, हा समज सांगलीत अशा नाल्यांनी कितीदा खोटा पाडला आहे. एका प्लॉटवर चार फूट भराव पडला, की तिथे मावणारे पाणी शेजारच्याच्या अंगणात जाते. जुन्या नकाशाला हा भराव दिसत नाही, बुजलेला ओढाही दिसत नाही.

साताऱ्याच्या डोंगराळ भागात तर रेषेची मर्यादा आणखी ठळक आहे. कराडला पाटण कॉलनीसारख्या नदीलगतच्या वस्तीत पाणी शिरते, तांबवे गावाला पुराचा वेढा पडतो. हे नदीच्या पुराचे धोके, नकाशावर दाखवता येण्यासारखे. पण जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे डोंगर खाली आला आणि झोपेतली माणसे गेली. निळी-लाल रेषा हा धोका दाखवतच नाही. पाणी आणि दरड हे एकाच पावसाचे दोन घाव असूनही त्यांचे नकाशे वेगवेगळ्या टेबलांवर तयार होतात, आणि गावकऱ्यासमोर दोन्ही एकत्र कधी येत नाहीत.

एक गुंठा, दोन गुंठे

सांगलीच्या घरमालकाची गोष्ट गुंठेवारीशिवाय पुरी होत नाही. गिरणीत, हळदीच्या वखारीत, बाजार समितीत काम करणाऱ्याला बिगरशेती मंजूर प्लॉट परवडत नव्हता. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले गेले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, त्यात दोन खोल्या, मोरी आणि दारात तुळस. अशा हजारो घरांना कायद्याचे छत मिळावे म्हणून चळवळ झाली. तिच्यात सांगली पुढे होती. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा राज्याने केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेतली.

स्वस्त जमीन बहुतेकदा सखल असते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोडचा परिसर ही नावे दर पुरात बातम्यांत पहिली येतात. यातल्या काही घरांच्या दारात पाणी येते ते इशारा पातळी गाठण्याआधीच. शामरावनगरसारख्या भागात पूर नसतानाही पावसाचे पाणी महिना महिना हटत नाही.

इथल्या माणसाने प्लॉट घेतला तेव्हा पूररेषा कोणी दाखवली होती? सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर सहसा तिचा उल्लेख नसतो. दलाल दाखवायचा रस्ता, शाळा आणि नळ. पूर आला तेव्हा पहिल्यांदा कळले की आपण पूरपट्ट्यात आहोत. पुढे पैसे साठवून वर एक मजला चढवायला गेला, तेव्हा परवानगीच्या टेबलावर पुन्हा कळले. वरचा मजला हाच अशा घराचा खरा आसरा असतो, पाणी आले की सामान आणि म्हातारी माणसे तिथे जातात. तोच कागदावर अडतो.

रेषेबाहेरच्या माणसाचे दुःख निराळे आहे. त्याने बाजारभावाने, पूर्ण परवानगी घेऊन, कर्ज काढून घर घेतले. नकाशावर त्याचे घर कोरडे होते. २०१९ मध्ये त्याच्या सोसायटीतून बोट फिरली. आता तो विकायला काढतो तेव्हा गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, ‘पाणी कुठवर आलं होतं?’ नकाशा त्याला सुरक्षित म्हणतो आणि बाजार म्हणत नाही. उलट काही घरे अशीही असतात, की जिथे जमिनीचा उंचवटा नीट मोजला न गेल्याने रेषा त्यांच्यावरून गेलेली असते. तिथे एकदाही पाणी आलेले नसताना कर्ज, परवानगी आणि विक्री तिन्ही अडून बसतात. ढोबळ मोजणीवर आखलेली, जुनी झालेली रेषा अशी दोन्हीकडून अन्याय करते.

रेषा पुसल्याने पाणी ओसरत नाही

२०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने जलसंपदा विभागाचे निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने मे २०२० मध्ये अहवाल दिला. अतिवृष्टीबरोबरच पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांवर आणि आक्रसलेल्या पात्रावर तिने बोट ठेवले. गावागावांतली चर्चा मात्र आलमट्टी धरणाच्या फुगवट्याभोवती फिरत राहिली. कर्नाटकातल्या त्या धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा प्रश्न गंभीर आहे आणि महाराष्ट्राने त्यावर आग्रही राहणे योग्यच आहे. पण तो लढा दोन राज्यांच्या पातळीवरचा आहे. ओढा मोकळा करणे, भराव रोखणे आणि रेषा ताजी ठेवणे हे आपल्या हातातले काम आहे, आणि आलमट्टीच्या गदारोळात तेच मागे पडते.

पूरपट्ट्याच्या कायद्याबाबतही हेच झाले. केंद्राने १९७५ मध्ये आदर्श विधेयकाचा मसुदा राज्यांना पाठवला. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड आणि पूर्वीचे जम्मू-काश्मीर अशा मोजक्या राज्यांनी कायदा केला. महाराष्ट्राचे काम परिपत्रके आणि बांधकाम नियमावलीवर चालले आहे.

हा प्रश्न फक्त कृष्णाकाठचा नाही. पुण्यात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेक प्रवाहाची आणि लाल रेषा एक लाख क्युसेकची धरलेली आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. धरणाखालच्या पावसाचे पाणी त्यात मिसळले हे खरे. तरीही एवढ्या विसर्गाला घरात पाणी येत असेल, तर पात्राची आजची स्थिती आणि नकाशा यांचा मेळ राहिलेला नाही, हे उघड आहे. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने शहर बुडवले आणि त्यानंतर तिथे पूररेषांवरून वाद पेटला. शहराचा मोठा भाग रेषेत येतो, मग आम्ही बांधायचे कुठे, असा तिथल्या लोकांचा सवाल होता. तो सवाल खरा आहे. त्याला उत्तर म्हणून रेषा मागे ढकलली, तर परवानग्या मिळतील, पण पुढच्या पुराचे पाणी जुन्याच उंचीवर येईल.

श्रीमंत देशांतही नकाशे मागे पडतात. अमेरिकेत सरकारी पूरनकाशावर घर धोक्याच्या पट्ट्यात असेल, तर सरकारी पाठबळाच्या गृहकर्जासाठी पूरविमा सक्तीचा आहे. तिथल्या फर्स्ट स्ट्रीट फाउंडेशन या संस्थेने २०२० मध्ये स्वतंत्र हिशेब मांडला, तेव्हा सरकारी नकाशात दाखवलेल्यांपेक्षा जवळपास ६० लाख जास्त मालमत्ता मोठ्या धोक्यात असल्याचे निघाले. एवढ्या घरांना आपण धोक्यात आहोत हे सरकारी नकाशाने सांगितलेलेच नव्हते. जपानने साधा उपाय केला. ऑगस्ट २०२० पासून तिथे घर विकताना किंवा भाड्याने देताना, ते घर पुराच्या नकाशावर नेमके कुठे येते हे व्यवहाराआधी गिऱ्हाइकाला समजावून सांगणे दलालावर बंधनकारक आहे. असा नियम करायला धरण बांधावे लागत नाही, कोट्यवधींचा निधी लागत नाही.

नकाशा फुटांत हवा

सांगली-सातारच्या घरमालकाला काय हवे आहे, ते फार अवघड नाही. प्रत्येक मोठ्या पुरानंतर, आणि पूर आला नाही तरी ठरावीक वर्षांनी, रेषा नव्याने तपासली जावी. त्यासाठी जमिनीची उंची फुटाफुटाने मोजण्याची साधने आज उपलब्ध आहेत. विमानातून किंवा ड्रोनमधून लेसरने मोजणी करता येते. नवी रेषा गट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबरसह, मराठीत, मोबाइलवर पाहता येईल अशी प्रसिद्ध व्हावी. जे घर रेषेत येते त्याला नुसते ‘नाही’ न म्हणता, उंच जोते, खांबांवरचे घर किंवा स्वेच्छेने स्थलांतर यांपैकी काय शक्य आहे आणि त्याला कोणती मदत मिळेल, हे त्याच पत्रात सांगितले जावे. गुंठेवारीतल्या माणसाला तर हे आधी हवे.

आणि तो नकाशा आयर्विनच्या फुटांना जोडलेला असावा. ‘निळ्या रेषेच्या आत’ याचा अर्थ गृहिणीला लागत नाही. ‘आयर्विनला ४३ फूट झाले की तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते आणि ४७ ला उंबऱ्याशी’ हे लगेच समजते. पुराच्या दिवसांत कोणत्या फुटाला कोणत्या वस्तीत पाणी येते, याचा अंदाज प्रशासनाला असतोच, त्यावरूनच स्थलांतर होते. आणीबाणीत वापरायची ती माहिती घर घेण्याच्या दिवशी हातात मिळाली, तर कित्येक कुटुंबे आयुष्याची पुंजी सखल जागेत ओतणार नाहीत.

तोवर घर घेणाऱ्याने काही गोष्टी स्वतः कराव्यात. नगररचना विभागातून झोन दाखला काढावा आणि पूररेषेबद्दल लेखी विचारावे. शेजारच्या तीन जुन्या घरांत जाऊन २००५, २०१९ आणि २०२१ चे पाणी कुठवर आले होते ते विचारावे, आणि घरासमोरचा रस्ता किती फुटांना बंद होतो तेही विचारावे, कारण घर कोरडे राहिले तरी वाट आधी बुडते. घराचा विमा घ्यावा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पुराने होणारे नुकसान धरलेले आहे, आणि घराबरोबर घरातल्या सामानालाही ठरावीक मर्यादेत संरक्षण आहे.

पूर पाहिलेल्या प्रत्येक घराला एक विनंती आहे. पाणी उतरल्यावर भिंतीवर जी मातकट रेघ राहते, ती अनेकांनी रंगाने बुजवली. नकोशी आठवण म्हणून बुजवली, गिऱ्हाईक बिचकू नये म्हणूनही बुजवली. पण पूररेषा तपासणाऱ्या अभियंत्यासाठी ती रेघ म्हणजे तुमच्या दारातली मोजपट्टी आहे. आयर्विनवरची पट्टी पुलाजवळचे पाणी सांगते. तुमच्या गल्लीतले पाणी फक्त तुमची भिंत सांगू शकते. घराला पुढच्या वेळी रंग द्याल तेव्हा २०१९ आणि २०२१ ची खूण तेवढी राखून ठेवा. तिच्याशेजारी तारीख लिहा, जमिनीपासूनची उंची लिहा, त्या दिवशी आयर्विनला किती फूट होते तेही लिहा. आणि नव्या रेषेवर हरकती-सूचना मागवल्या जातील, त्या दिवशी तिचा फोटो अर्जाला जोडा.